लोखंडेबाईंचा मिसळणाचा डबा

"मी केदारखेड्याचा," असं मी म्हणालो, तर लोखंडेबाई म्हणाल्या, "कशावरून?"

लॅबमधला माझा पहिला दिवस होता. आता माणसानं स्वतःच्या गावाचा पुरावा काय द्यावा? मी आधार कार्ड काढलं. बाईंनी ते उलटंसुलटं करून बघितलं, फोटो बघितला, माझं तोंड बघितलं, पुन्हा फोटो बघितला आणि म्हणाल्या, "ह्याच्यात दाढी न्हाई." मग गावातल्या चार जणांची नावं घेऊन ओळखतोस का, असं विचारलं. चौघंही ओळखीचे निघाले. "आणि ते मारुतीच्या देवळामागचे विठ्ठल सोनटक्के?" मी म्हणालो, "असं कोणी न्हाई आमच्याकडं." तेव्हा कुठं त्यांनी स्टूल माझ्याकडं सरकवलं. पाचवं नाव बाईंनी मनानं रचलेलं होतं. समोरच्यानं काहीही म्हटलं की 'हो हो' करायची मला सवय आहे का, ते त्यांना बघायचं होतं.

आमची लॅब जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका बियाण्याच्या गोदामाला लागून. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, इथं पॅकिंग चालत असेल. आतलं काम मात्र फार बारीक. लहान लेकरांना पातळ जुलाब लावणारे आतड्यातले विषाणू असतात, त्यांच्यावर कुठलं औषध चालतं का, ते आम्ही तपासायचो. कंपन्या, कॉलेजं, वैद्य, कोण कोण आपापल्या पावडरी पाठवायचे. आमच्याकडं माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी खाचा-खाचांच्या प्लास्टिकच्या ताटल्यांमध्ये वाढवलेल्या असायच्या. त्यांच्यावर विषाणू सोडायचा, औषध सोडायचं, काही दिवसांनी जांभळा रंग ओतायचा. जिवंत पेशी रंग धरतात. विषाणूनं पेशी खाल्ल्या असतील तिथं पांढरं भोक दिसतं. भोकं मोजायची. कमी भरली तर औषधात दम आहे. सांगायला एवढंच, करायला गेलं की घाम फुटतो.

या सगळ्या कारभारावर लोखंडेबाई. ठेंगणी मूर्ती, पन्नाशी ओलांडलेली, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. मूळच्या धावड्याच्या. एमएस्सी होऊन तीस वर्षं झाली तरी बोली धावड्याचीच राहिली होती. लॅबचे मालक डॉक्टरसाहेब त्यांना पाहुण्यांसमोर "आमच्या सिनियर सायंटिस्ट" म्हणायचे. बाई त्या पाहुण्यालाही विचारायच्या, "तुम्ही कोण म्हणून सांगितलं?"

चहा आला की आधी वास. मग एक घोट, मग थांबायचं, मग उरलेला. डबा घरून आणलेला, स्वतःच्या हातानं भरलेला, तरी उघडल्यावर भाजीकडं असं बघायच्या, जणू कोणी बदलून ठेवलीय. रिक्षावाला म्हणाला "जुना जालना" तर त्या विचारणार, "कोणत्या रस्त्यानं?" घड्याळं दोन. एक मनगटावर, एक पर्समध्ये, मनगटावरचं बरोबर आहे का ते बघायला.

आमच्याकडं नसीरभाई होते. जुन्या जालन्यातले, घरी उर्दू बोलणारे. काचेची भांडी धुणं आणि ऑटोक्लेव्ह लावणं हे त्यांचं काम. ऑटोक्लेव्ह म्हणजे जंतू मारायचा मोठा प्रेशर कुकरच. भांड्यांच्या गठ्ठ्यावर एक कागदी पट्टी चिकटवतात, वाफ नीट लागली की पट्टीवर काळ्या रेघा उमटतात. सगळ्या जगाला एवढं पुरतं. बाईंना पुरायचं नाही. "पट्टी काळी झाली म्हंजे पट्टी काळी झाली. गठ्ठ्याच्या आत काय झालं?" म्हणून त्या एक कच्चा बटाटा फडक्यात बांधून गठ्ठ्याच्या बरोबर मधोमध ठेवायच्या. बाहेर काढल्यावर सुई टोचून बघायच्या. बटाटा कचवट निघाला की सगळा गठ्ठा परत आत.

"बाई, मेरेपे भरोसा न्हाई का?" नसीरभाईंनी एकदा तळमळून विचारलं. "वीस साल झाले मला."

"तुमच्यावर हाय की," बाई म्हणाल्या. "तुमच्या मशीनवर न्हाई."

नसीरभाईंचं समाधान झालं. मला मात्र शंका आहे, बाईंचा दोघांवरही नव्हता.

इतका संशय एका माणसात का भरलेला असावा, यावर लॅबमध्ये बरेच तर्क होते. दुधानं तोंड पोळलं असेल म्हणून ताक फुंकून पितात, हे ठरलेलंच. कोणी म्हणायचं नवऱ्यानं फसवलं, कोणी म्हणायचं भावानं. मी एकदा धीर करून विचारलं, "बाई, तुमच्यासंगं पयले काही झालं होतं का?" बाईंनी चष्मा खाली केला. "काही झालं न्हाई. डोकं जागेवर हाय म्हणून विचारते. तुम्ही कामून विचारत न्हाई, ते सांग."

आता त्या डब्याबद्दल. स्वयंपाकघरात असतो तसा स्टीलचा, गोल, आत सात वाट्या असलेला मिसळणाचा डबा. बाईंनी त्याला कडी डागून घेतली होती आणि कडीला बोटाएवढं कुलूप. किल्ली बाईंच्या मंगळसूत्रात. कुठल्या ताटलीत कुठलं औषध आहे, ते मोजणाऱ्याला कळता कामा नये, ही त्यांची रीत. औषधं पातळ करायचं काम त्या एकट्या मागच्या काचेच्या खोलीत करायच्या, नळ्यांना नुसत्या खुणा द्यायच्या, कुठली खूण कशाची ते चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी डब्यात. आम्ही भोकं मोजून आकडे शाईनं रजिस्टरमध्ये लिहायचे, खाली दोघांच्या सह्या, मगच सगळ्यांसमोर डबा उघडायचा. तोवर बाईसुद्धा उघडणार नाहीत. "डोळा लबाड असतो," त्या म्हणायच्या. "त्याला जे पाहिजे तेच मोजतो." मोजायचंही तीनदा. दोनदा सारखं आलं तरी तिसऱ्यांदा.

एका कंपनीचा माणूस निकालाच्या आधीच पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला. साहेबांनी एक उचललासुद्धा. बाईंनी बॉक्सचं झाकण लावलं आणि त्याच्या हातात परत दिला. "निकाल लागल्यावर आणा. आधी आणले तर ते पेढे न्हाईत." तो माणूस लालेलाल. साहेबांच्या हातातला पेढा हातातच राहिला.

तर अशा बाईंच्या राज्यात एक्केचाळीस नंबरची पावडर आली. कुठल्याशा झाडाच्या सालीची, मळकट, कडू वासाची. आणि माझ्या ताटल्यांमध्ये भोकंच दिसेनात!

मी तीनदा मोजलं. जिथं नुसता विषाणू होता तिथं चाळण झालेली, आणि एका खुणेच्या खाचा अख्ख्या जांभळ्या. डबा उघडला, ती खूण एक्केचाळीसची निघाली. परत केलं, तेच. तिसऱ्यांदा केलं, तेच. मी तर हवेतच होतो. इतकी वर्षं पावडरी तपासून हाती भोपळा, आणि आज माझ्या मोजणीत असलं औषध! मी घरी फोन केला, केदारखेड्यातच दिलेल्या बहिणीला फोन केला. सविताला विज्ञान कळत नाही, पण "दादानं लेकरांच्या जुलाबाचं औषध शोधलं" एवढं तिला कळलं आणि तिनं ते गल्लीभर सांगितलं. साहेब तर त्याहून पुढं. पावडरवाली पार्टी पावसाळ्याच्या आधी चूर्ण म्हणून बाजारात आणायला निघाली होती. पाहिजे होता फक्त आमचा अहवाल, आणि अहवालावर बाईंची सही.

बाई सही करेनात.

"लोखंडेबाई, तीनदा झालं ना?" साहेब म्हणाले.

"झालं. पण हे बघा." बाईंनी आकड्यांवर बोट ठेवलं. आम्ही औषध एकदा दाट, एकदा त्याहून पातळ, एकदा फारच पातळ असं करून टाकतो. "दाट टाकलं तरी तेवढाच गुण, पातळ टाकलं तरी तेवढाच. भाजीत मिरची मूठभर टाकली काय नि चिमूटभर टाकली काय, तिखट सारखंच? असं कुठं असतंय का?"

"औषध जबर असेल," मी म्हणालो.

"कशावरून?"

त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या शब्दाचा संताप आला. मी मनात म्हणालो, हिच्या नाकाला मिरच्या झोंबल्यात. तीस वर्षांत हिला एक औषध सापडलं नाही आणि कालच्या पोराला सापडलं. बाईंनी चौथ्यांदा करायला लावलं. केलं. ताटल्या कपाटात, चिठ्ठी डब्यात, कुलूप.

आणि दोन दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत, मी पाण्याची बाटली विसरलो म्हणून परत आलो तर काचेच्या खोलीत बाई एकट्या. समोर डबा उघडा. त्यांच्या हातात चिठ्ठी, ती उलटून त्या मागची बाजू वाचत होत्या. ताटल्या अजून मोजलेल्या नव्हत्या! मी दाराआड झालो. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्याला डब्याला हात लावू दिला नाही, तीच चोरून उघडून राह्यली. म्हणजे चिठ्ठ्या बदलणार. माझा निकाल पाडणार.

मी सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब म्हणाले, लेखी दे. मी अर्धं पान लिहून दिलं. अक्षर चांगलं काढलं होतं, ते आठवलं की आजही माझीच मला किळस येते.

साहेबांनी बाईंना सगळ्यांसमोर विचारलं. मला वाटलं, नाकारतील. बाई म्हणाल्या, "उघडला. मीच उघडला."

"कामून?" साहेबही त्यांच्याच भाषेवर आले.

"अजून पुरावा न्हाई. झाला की सांगते."

त्या माझ्याकडं बघत होत्या. तक्रार कोणाची हे त्यांना कळलं असणार, तिथं दुसरं होतंच कोण? मी कपाटातल्या बाटल्यांकडं बघत बसलो. साहेबांनी सांगितलं, सोमवारी पार्टी येऊन राह्यली, तुमची सही न्हाई झाली तर गजाननची घेतो. गजानन म्हणजे मी. मी मानेनं हो म्हणालो.

ते शुक्रवारी. शनिवारी सकाळी सविताचा फोन आला. तिचं पोरगं शिवांश आठ महिन्यांचं. दोन दिवसांपासून जुलाब, वर ओकाऱ्या. "दादा, तुझं ते औषध घेऊन ये ना. तू येईपर्यंत मी थांबते."

मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण बाईंबद्दल लिहायचं तर हे लपवून चालणार नाही. दुपारी खोलीत कोणी नाही असं बघून एक्केचाळीसची बाटली उघडली आणि चमचाभर पावडर एका नळीत भरून खिशात टाकली. चोरी वाटलीच नाही. माझंच औषध, माझाच भाचा.

शनिवारी बाई लवकर निघायच्या, धावड्याला भावाकडं जायला. पण निघण्याआधी आलेल्या पावडरींच्या सगळ्या बाटल्या वजन करून जायच्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "बाटलीला तोंड असतं." मी गाडीला किक मारतोय तेवढ्यात बाई समोर येऊन उभ्या.

"गजानन, खिशात काय हाय?"

"मोबाईल."

"दुसऱ्या खिशात?"

"कशावरून म्हणता काही हाय म्हणून?" मी त्यांचाच शब्द त्यांच्या तोंडावर फेकला.

"एक्केचाळीसची बाटली हलकी झाली. नसीरभाईला त्याचं काय करायचं? मी घेतलं न्हाई. मंग उरलं कोण?"

माझा बांध फुटला. "घेतलं! भाचा आजारी हाय माझा, दोन दिवस झाले जुलाब लागून. तुम्हाला काय त्याचं? तुम्हाला नुसती शंका काढायची! तुमच्यानं सही व्हत न्हाई म्हणून मी लेकराला मरू देऊ का?"

नसीरभाई धुतलेली भांडी हातात धरून दारात थिजले. बाई चिडल्या नाहीत. "किती महिन्याचा?"

"आठ."

"लघवी कधी केल्ती?"

"मला काय माहीत?"

"फोन लाव. इचार."

मी लावला. सविता म्हणाली, सकाळपासून लंगोट कोरडाच आहे. बाईंनी हात पुढं केला. "नळी दे." मी दिली. का दिली, सांगता येत नाही. बहुतेक त्या 'कोरडाच' शब्दामुळं. बाईंनी नळी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली, आत गेल्या, पिशवी घेऊन आल्या आणि माझ्या मागं गाडीवर बसल्या.

"ब्रेक लागतात का?"

"लागतात."

"कशावरून?"

मी करकचून दाबून दाखवला. "बराबर," म्हणाल्या. "आता चल. जल्दी चल, पण पाडू नको."

वाटेतलं राजूर मागं पडलं. मग पाठीमागून आवाज आला, "तुझी तक्रार वाचली मी. अक्षर चांगलं हाय."

सविताच्या घरी पोचलो तर ती ओट्यावर पोरगं मांडीवर घेऊन बसलेली. पोरगं निपचित, डोळे खोल गेलेले. माझ्याकडं बघून सविताचा चेहरा असा उजळला की मला जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं. "आणलं का रे दादा?"

बाई खाली बसल्या. पोराचा अंगरखा वर केला, पोटाची कातडी दोन बोटांत धरून चिमटा काढला आणि सोडला. चिमटा उभाच राहिला. कणकेला काढलेला राहतो तसा. हळूहळू खाली बसला. बाईंनी परत काढला. तिसऱ्यांदा काढला.

"अंगातलं पाणी आटलंय. पाणी पाजलं का?"

"पाजलं की ओकतो, म्हणून बंद केलं."

"दवाखान्यात कामून न्हाई नेलं?"

"दादाचं औषध येऊन राह्यलं होतं ना," सविता म्हणाली. तिनं ते अगदी साधेपणानं म्हटलं. बाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, आणि ती एक गोष्ट मी त्यांचे उपकार म्हणून धरतो.

मग बाईंनी ताबा घेतला. पिशवीतून मीठ-साखरेच्या पुड्या काढल्या, वर छापलेली तारीख वाचली, पाणी उकळून गार केलेलं आहे का ते दोघींना वेगवेगळं विचारलं, सविताला आणि तिच्या सासूला. शेजाऱ्याच्या जीपमध्ये भोकरदनच्या दवाखान्यात नेईपर्यंत चमचा चमचा पाजत होत्या आणि चमचे मोजत होत्या. ओकलं की मोजणी तिथंच थांबवून थोड्या वेळानं पुढं. दवाखान्यात सलाईन लावलं तर बाटली हातात घेऊन तारीख, नाव, सगळं वाचलं. नर्स म्हणाली, "मावशी, आम्हाला येतं वाचता." बाई म्हणाल्या, "मला पण येतं." संध्याकाळी पोरानं लंगोट ओला केला. सविता रडली. बाईंनी तो लंगोट हातात घेऊन दाबून बघितला आणि मगच तोंडावरून पदर फिरवला. त्या दिवशी त्यांची धावड्याची शेवटची गाडी चुकली.

सोमवारी लॅबमध्ये आल्या आल्या त्यांनी माझी नळी काट्यावर ठेवली, वजन जुळवलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, 'गजाननकडून परत आलं.' कामून गेल्तं, ते लिहिलं नाही. पार्टी आली तर म्हणाल्या, आठवडाभर थांबा. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. सही कर, अशी ती नजर. मी म्हणालो, "बाई म्हणतात तर थांबू." साहेबांना ते लागलं.

मग बाईंनी मला काचेच्या खोलीत घेतलं. इतक्या वर्षांत तिथं दुसऱ्या कोणाला उभं राहू दिलं नव्हतं. "माझ्या हाताकडं बघ. चूक झाली की वरडायचं."

आमच्याकडं गुलाबी पाण्याच्या दोन तऱ्हा असतात. पेशींना पोसायचं पाणी वेगळं, त्यात वासराच्या रक्तातलं सीरम घालतात. त्यावर पेशी चांगल्या माजतात. पण विषाणू सोडायच्या दिवशी ते चालत नाही, सीरम असलं की हा विषाणू पेशीत शिरतच नाही. त्या दिवशी साधं पाणी. दोन्हींचा रंग एक, बाटल्या एकसारख्या. म्हणून सीरमच्या बाटलीच्या गळ्याला लाल दोरा, ही बाईंचीच रीत. पण काचेतून कोणी दोरा बघेल आणि कुठल्या नळीत काय चाललंय याचा अंदाज बांधेल, या भीतीनं बाई खोलीत गेल्या की तो दोरा सोडून ठेवायच्या. हे मला त्या दिवशी कळलं. टेबलावर दोन सारख्या बाटल्या, दोन्हींचे गळे उघडे, आणि बघणारं कोणीच नाही.

"एक्केचाळीस मी सीरमच्या पाण्यात कालवलं, दाट बी अन् पातळ बी," बाई म्हणाल्या. "चिठ्ठीच्या मागं बाटलीचा नंबर लिहायची मला सवय. तेच बघायला डबा उघडला. एकदाच कालवून नळ्यांत भरून गोठवलं, अन् चारी वेळेला त्याच नळ्या वापरल्या. तुझ्या दुसऱ्या खाचांत साधं पाणी होतं. इथं विषाणू घुसला, तिथं घुसला न्हाई. चोर धरायला गेल्ते, तर चोर मीच."

"मंग त्याच दिवशी कामून सांगितलं न्हाई?"

"नंबर मीच लिहिला. तोच चुकीचा लिहिला असला तर? माझ्यावर कसा विश्वास ठेवू?"

नवीन कालवलं, दोरा न सोडता, माझ्यासमोर. ताटल्या भरल्या. ज्या दिवशी रंग ओतला, त्या दिवशी मी देवाचं नाव घेतलं, खोटं कशाला सांगू. अजूनही मनातून वाटत होतं, बाईंचं चुकावं. रंग धुतला. एक्केचाळीसच्या खाचांची चाळण झाली होती. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा सगळी भोकं.

बाईंनी अहवाल स्वतःच्या हातानं लिहिला. 'गुण नाही, आणि आधीचा निकाल माझ्या चुकीनं आला,' खाली बाईंची सही. साहेब म्हणाले, "'तांत्रिक कारणामुळे' असं लिहा ना बाई. लॅबची इज्जत जाते." बाई म्हणाल्या, "तंत्राला हात असते का? हात माझे होते." पार्टी तिची पावडर घेऊन दुसरीकडं गेली. चूर्ण निघालं का, मला माहीत नाही. मेडिकलच्या दुकानात लेकरांच्या जुलाबाची पुडी दिसली की मी मागची बाजू वाचतो.

महिनाअखेर बाई नोकरीवरून गेल्या. साहेब म्हणाले, त्यांनीच सोडली. बाई म्हणाल्या, "वय झालं." मला दोघांचाही संशय आहे. जायच्या दिवशी त्यांनी साहेबांकडून माझी तक्रार मागून घेतली. मला वाटलं, फाडणार. त्यांनी पंचिंग मशीननं कागदाला दोन भोकं पाडली आणि एक्केचाळीसच्या फाईलला लावून टाकली.

"बाई, ती काढून टाका ना," मी म्हणालो. रडायलाच आलो होतो.

"कामून? बराबर लिहिलंय. मोजायच्या आधी डबा उघडला, हे खरं हाय का न्हाई?" मग फाईल बंद करून, "इतक्या वर्षांत माझ्यावर पयल्यांदा कोणी शक घेतला, गजानन. पयलेच घेतला असता तर पयल्याच दिवशी सापडलं असतं."

मिसळणाचा डबा त्यांनी ठेवून दिला. आदल्या दिवशी त्याला दुसरी कडी डागून आणली होती. आता दोन कुलपं. एक किल्ली मला, एक नसीरभाईंना. नसीरभाईंनी किल्ली कपाळाला लावली. "बाई, आता तरी भरोसा बसला ना मेरेपे?"

"म्हणून तर दोन लावले," बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्यानंतर त्यांना एकदाच बघितलं. शिवांशचं जावळ होतं, केदारखेड्यालाच. सवितानं धावड्याला माणूस पाठवून बोलावलं होतं. येतील असं मला वाटलं नव्हतं. पोरगं मामाच्या मांडीवर म्हणजे माझ्या, केस उतरवून झालेले, डोकं गुळगुळीत, अंगाला हळद. इतकं गुटगुटीत की मांडी अवघडली. तेवढ्यात बाई आल्या. चष्मा गळ्यात, पर्स काखेत, धावड्याच्या बाजारातनं आणलेला अंगरखा हातात.

सविता पाया पडली. "बाई, हाच तो. तुम्ही वाचवलेला."

"कशावरून?" बाई म्हणाल्या.

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. माझ्यासमोर खाली बसल्या, चष्मा डोळ्यांवर चढवला, पोराचा अंगरखा वर केला आणि पोटाला दोन बोटांनी चिमटा काढला. कातडी पटकन जागेवर गेली. पोरगं खिदळलं. बाईंनी दुसऱ्यांदा काढला, तरी तेच. तिसऱ्यांदा काढायला बोटं पुढं गेली, तेव्हा चष्म्याच्या काचा धुकटल्या होत्या. त्यांनी काहीच दिसत नसताना चाचपडत पोट शोधलं.

"दोनदा बराबर आलं बाई," मी हळूच म्हणालो.

"गप," बाई म्हणाल्या. "मोजू दे."